पाणी बी टोकलं तिथं नको, वेल गेला तिथं द्या



उन्हाळी भोपळ्याचे वेल आता पळायला लागलेत. कुणी लाल भोपळा म्हणतं, कुणी डांगर, कुणी गंगाफळ, तर विदर्भात कोहळं. आणि नेमके आत्ताच मोबाईलवर परदेशातल्या राक्षसी भोपळ्यांचे व्हिडिओ फिरायला लागतात. मग गावातली पोरं विचारतात, काका, हे बी आपल्याकडं लावलं तर?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ते बी मागवू नका. पण ते लोक वेलाला वळण कसं देतात आणि पाणी कुठं देतात, तेवढं मात्र जरूर उचला. वजन त्यांचं त्यांना राहू द्या, आपण त्यांची मुळं घेऊ.

बी का नको, ते थोडक्यात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातल्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं 'अटलांटिक जायंट' हा वाण तयार केला. आजचे बहुतेक राक्षसी भोपळे त्याच रक्ताचे. २०२३ साली अमेरिकेत ट्रॅव्हिस जिएंजर यांचा एक भोपळा तब्बल १,२४७ किलो भरला. पण त्या पिकाला थंड हवा आणि लांब दिवस लागतात, आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. शिवाय आपल्या बाजारात गिऱ्हाईक भोपळ्याची फोड घेतं. व्यापाऱ्याला हातात मावेल असा, चार-पाच किलोचा माल पाहिजे. क्विंटलचा भोपळा घेणार कोण?

आता मुद्द्याचं. ती मंडळी एका वेलावर एकच फळ ठेवतात, आणि त्याला पोसायला वेलाच्या पेरापेरातून मुळं काढतात. जिथून पान फुटतं तो सांधा म्हणजे पेर. तो ओल्या मातीला टेकला की तिथून नवीन मूळ सुटतं. हा गुण आपल्या डांगरातही आहे. वेल उपटताना तुम्ही बघितलं असंलच, मधेच जमिनीला धरून बसलेला असतो. म्हणजे वेल स्वतःच सांगतोय, मला इथं पण तोंड आहे.

आणि आपण काय करतो? बी टोकलं तिथं आळं केलं, का तिथंच शेवटपर्यंत पाणी. ठिबक असलं तरी तेच. ड्रिपर बुडख्याशी, आणि वेल दहा-बारा फूट लांब गेलेला. बुडखा रोज चिखलात, पेरं कोरड्या ढेकळावर. वरनं मल्चिंग पेपर असला तर आणखी वाईट. पेपरातून पेराला मूळ धरता येत नाही, आणि पेपर सोडून वेल खाली उतरला तर तिथं ओल नसते. मग बुडखा कुजतो, मूळकूज होते, आणि आपण म्हणतो मर आली, औषध सांगा.

मी काय करतो ते सांगतो. रोप चार-पाच पानांचं होईपर्यंत पाणी बुडख्याजवळच, थोडं थोडं. मूळ लहान असतं, त्याला लांबचं पाणी घावत नाही. वेल पळायला लागला की ड्रिपर बुडख्यापासून वीतभर तरी लांब सरकवायचा. वेल तीन-चार फुटांचा झाला की नळी वेलाच्या बाजूनं टाकायची. दोन ओळींच्या मधे एक जादा नळी असली तर उत्तमच. पाटपाणी असंल तर आळं मोडून वेलाच्या अंगानं सरी काढा.

वळण द्यायचं ते वाऱ्याकडं बघून. उन्हाळ्यात दुपारनंतर आमच्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. कोवळा वेल वाऱ्याच्या तोंडावर गेला तर उलटापालटा होतो आणि बुडख्याशी पिळवटतो. म्हणून शेंडा पूर्वेला काढायचा. पण हे काम सकाळी करू नका. सकाळी वेल पाण्यानं भरलेला असतो, वाकवला का काकडीसारखा कटकन मोडतो. दुपारनंतर तो मऊ पडतो, तेव्हा रोज थोडा थोडा वळवायचा. एका दिवसात काटकोन करायला जाऊ नये. वळवला की बेचकी उलटी रोवून धरून ठेवायचा. तणाव्यांनी जमीन किंवा गवत धरलं की बेचकीचं काम संपलं.

मग पेर दाबायचं. पेराखाली बोटभर माती उकरायची, मूठभर कुजलेलं शेणखत टाकायचं, वेल बसवायचा आणि वर दोन बोटं माती. पान बाहेर राहिलं पाहिजे. शेंड्याकडचा हात-दीड हात वेल मोकळा ठेवायचा, शेंडा मातीत गेला तर वाढ थांबते. भारी काळ्या जमिनीत मात्र पेर गाडू नका, तिथं पाणी धरून राहतं आणि वेल सडतो. तिथं नुसता टेकवायचा आणि वरनं शेणखत पसरायचं.

पाणी किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. दुपारी पानं माना टाकतात, ते बघून लगेच मोटार चालू करू नका. एवढी मोठी पानं, कडक उन्हात मूळ कितीही प्यालं तरी पुरं पडत नाही. संध्याकाळी पानं उभी राहिली तर वेल ठीक आहे. सकाळी सुद्धा पानं लोंबलेली दिसली तर माती उकरून बघा. कोरडी असंल तर पाणी द्या. ओली असूनही लोंबत असंल तर बुडखा तपासा, पाणी वाढवू नका. वाफसा येऊ द्यायचा, मग भरपूर द्यायचं. रोजच्या शिंतोड्यानं मुळं वरच राहतात आणि एक दिवस लाईट गेली का वेल झोपतो. पाणी सकाळी द्या, आणि पानांवर नको, केवड्याला आमंत्रण नको.

काही जण म्हणतील, एकरभर वेलांची पेरं दाबत बसायला मजूर कुठनं आणू? बरोबर आहे. सगळी पेरं दाबू नका. निंदणी तर करायचीच असते ना, त्याच बायांना सांगा, हात लागंल तसं एका वेलाची दोन-तीन पेरं दाबत चला. नंतर बुडख्याला काही झालं तरी वेलाला प्यायला दुसरी तोंडं राहतात.

मांडवाचंही एक बोलतो. कारलं, दोडका, दुधी मांडवावरच चांगला, फळ सरळ आणि स्वच्छ निघतं. पण सगळ्याच वेलांना मांडव करा असं सांगत सुटू नये. डांगर मांडवावर चढवलं का तारेचा खर्च वाढला, फळाला झोळी बांधायचं काम वाढलं, आणि पेरांची सगळी मुळं गेली. त्याची जागा मातीवरच.

कृषी खात्यातल्या आणि सल्ला देणाऱ्या साहेबांना एक विनंती. तुमच्या वेळापत्रकात रोपाला रोज किती लिटर, हे असतं. ते कुठं द्यायचं, ही एक ओळ त्यात वाढवा. एप्रिलमध्ये विहिरीनं तळ गाठला का आम्ही लिटर मोजतोच. पण मोजलेलं पाणी बुडखा कुजवण्यात जात असंल तर त्या मोजण्याला काय अर्थ?

ज्याला पटत नाही त्यानं यंदा फक्त एक ओळ अशी करून बघावी. शेजारची ओळ नेहमीसारखी ठेवा. फळं उतरवताना दोन्ही ओळींतला एकेक वेल उपटा आणि मुळं शेजारी शेजारी ठेवून बघा. फोटो टाकलात तर मलाही बघायचाय, वेगळा निघाला तरी टाका.