विरोध कशाने मिटतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील चाळीस गावांचा प्रश्न उपस्थित केला, आणि सीमेच्या दोन्ही अंगांस गर्जना सुरू झाल्या. वस्तुतः त्या गावांचे दुखणे पाण्याचे होते. २०१२ च्या दुष्काळातही तेथे कर्नाटकात जाण्याची भाषा झाली होती. कारण म्हैसाळ योजनेतून उचललेले कृष्णेचे पाणी पूर्व भागाला मिळत नव्हते.

जगाच्या राजकारणाचीही अशीच पारख केली पाहिजे. विरोधातूनच विचार पुढे जातो, असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने प्रतिपादिले. मार्क्सने तोच विरोध वर्गावर्गांच्या पोटापाण्यात दाखविला. चीनच्या ताओ मताप्रमाणे यिन व यांग परस्परांवाचून राहत नाहीत. एक टोकाला गेले की दुसऱ्याचा उदय होतो. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांच्या भीतीनेच शस्त्रे वाढवीत गेले, हे त्याचेच उदाहरण होय. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे. परंतु एकीचा अनुयायी संघर्षाची घाई करतो, तर दुसरीचा चक्र फिरण्याची वाट पाहतो. पददलितांना यांपैकी काहीच परवडत नाही.

२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचा अंत हे ध्येय दोघांचेही. मार्ग मात्र भिन्न, असे त्यांनी सांगितले. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टचा उठाव चिरडला होता. बळाने दडपलेला विरोध मिटला नाही. १९९१ साली खुद्द सोव्हिएत संघच विसर्जित झाला.

कारण असेल तर कार्य होते, कारण गेले की कार्यही जाते. हाच प्रतीत्यसमुत्पाद. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय युद्धास सज्ज होतात. तेव्हा दोन्हीकडचे दोघे-दोघे व त्या चौघांनी निवडलेला पाचवा यांनी निवाडा करावा, असे सिद्धार्थ सुचवितो. बहुमत विरुद्ध गेले, तरी तो ढळला नाही. बाबासाहेबांनीही १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क बजावला, आणि हल्ला झाला असताही आपल्या लोकांस प्रतिहल्ला करू दिला नाही.

जतच्या बौद्ध बंधुभगिनींनो, सभेत कोणी शत्रू दाखवू लागला की त्यास विचारा: या विरोधाचे कारण कोणते, आणि ते दूर कोण करणार? राष्ट्रांच्या भांडणात हा प्रश्न विचारा. उद्या पाणी गावात येईल, तेव्हा आपल्या वस्तीचा वाटा मागतानाही तोच विचारा.