बेरीज आधी, सोयरीक नंतर!

हल्ली ऑफिसात कुणाला ‘काय करतेस?’ विचारलं, की एका उत्तरात भागत नाही. नऊ ते सहा टेस्टिंग आणि सहानंतर साबण! एचआरमधली हातमागाच्या साड्या आणते, सपोर्टमधला गच्चीत वाढवलेली रोपं विकतो आणि अकाउंट्समधल्या मंडळींचं तर विचारूच नका. लोणची, मसाले, उटणी, कंदील... दिवाळीच्या आधी महिनाभर प्रत्येक मजल्यावरच्या पॅण्ट्रीत कुणाचा ना कुणाचा सॅम्पल बॉक्स उघडा पडलेला असतो. छानच आहे. चव बघायला आपली ना नाही.

या साइड बिझनेसची कुंडलीही साधारण सारखीच असते. पहिल्या दिवाळीला वही, दुसऱ्या दिवाळीला एक्सेल आणि तिसऱ्या दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अगं, ॲप कर ना! कोडिंग-बिडिंग काही लागत नाही.’ ते खोटंही नाही. ‘लो-कोड’ हा शब्द फॉरेस्टर या रिसर्च कंपनीने २०१४ साली चलनात आणला. गुगलने २०२० मध्ये ॲपशीट विकत घेतलं. एअरटेबल आहे, ग्लाइड आहे आणि मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स तर पुष्कळांच्या ऑफिसच्या लायसन्समध्येच पडून असतं. (त्यावर घरचा चिवडा चालवू नका. आयटीवाले बघत असतात.) शीट जोडायची, चार बटणं दाबायची, की फोनवर आपलं ॲप झळकलंच. एक रविवार पुरतो.

गाडी अडते ती एकाच साध्या प्रश्नापाशी. माल शिल्लक किती?

ओळखीतल्या एका मैत्रिणीचं बघा. दिवसा बँक, रात्री फराळ. सासूबाई आणि मदतीला येणाऱ्या दोघीजणी बनवतात, ही विकते. ॲपमध्ये तीन टेबलं. वस्तू, तयार माल आणि विक्री. ऐन दिवाळीत एका कंपनीतून फोन आला, पोहे चिवड्याची २५० पाकिटं आहेत का? परवा हवीत, अर्धे पैसे आत्ता पाठवतो. हिने टॅक्सीत बसल्या बसल्या ॲप उघडलं. शिल्लक ३२०. सॉलिड! ‘हो’ कळवायच्या आधी सहज घरी फोन लावला, पाकिटं खोक्यात भरायला घ्या म्हणून, तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, कुठली तीनशे? कपाटात चाळीस असतील-नसतील.’

‘आई, ॲपमध्ये तर तीनशे वीस दिसतायत.’

‘मग ॲपमधून काढून दे त्यांना.’

मोजली. बरोबर ४० निघाली. दोन दिवसांत आणखी २१० पाकिटं म्हणजे अख्खं घर कढईपुढे उभं करायचं, तेही बाकीच्या ऑर्डरी बाजूला ठेवून. तिने खरं ते कळवलं आणि ऑर्डर गेली. पण ॲडव्हान्स घेऊन मग हात वर करायची वेळ आली नाही. घरगुती धंद्यात भांडवल कमी आणि शब्दच जास्त असतो, तो वाचला.

आता गंमत ऐका. यात चोरी नाही, टायपिंगची चूक नाही, एकही नोंद राहून गेलेली नाही. तयार मालाच्या टेबलात चिवड्याच्या तीन ओळी होत्या, १००, ६० आणि ४०. बेरीज २००. विक्रीच्या टेबलात चार ओळी, ५०, ३०, ४५ आणि ३५. बेरीज १६०. दोनशे वजा एकशे साठ, चाळीस! तिसरीतलं पोर सांगेल. मग ३२० आले कुठून?

आले ते सोयरीक आधी जुळवल्यामुळे. ॲप बनवून देणाऱ्या हौशी भावाने आधी एक्सेलमध्ये तिन्ही टेबलं वस्तूच्या नावावर मर्ज करून एकच जंगी टेबल केलं होतं आणि ॲप त्या टेबलावर बसवलं होतं. सगळं एका जागी असलं की बेरीज सोपी, असा त्याचा हिशेब. ऐकायला बरा वाटतो. पण दोन याद्यांमध्ये नाव सोडून काहीच सामाईक नसतं. मग कॉम्प्युटर काय करतो? तयार मालाची प्रत्येक ओळ विक्रीच्या प्रत्येक ओळीसमोर नेऊन उभी करतो. लग्नात मुलीकडचे तिघं आणि मुलाकडचे चौघं प्रत्येकाशी नमस्कार-चमत्कार करायला लागले, तर माणसं सातच, पण नमस्कार बारा. आता नमस्कार मोजून जेवणाची ताटं सांगितलीत तर केटरर खूश होईल, दुसरं कुणी नाही.

इथेही तसंच. तीन गुणिले चार, बारा ओळी. तयार मालाचा प्रत्येक आकडा चार वेळा आला, दोनशेचे झाले ८००. विक्रीचा प्रत्येक आकडा तीन वेळा आला, एकशे साठचे झाले ४८०. आठशेतून चारशे ऐंशी गेले, राहिले ३२०. वजाबाकी बिनचूक आणि उत्तर साफ चूक.

डेटाबेसवाले याला ‘कॅझम ट्रॅप’ म्हणतात, म्हणजे दरीचा सापळा. वाईट भाग असा, की टेस्टिंग करताना तो दिसतच नाही. आपण ॲप तपासतो कसं? एक घाणा टाकला, १०० पाकिटं झाली. एक गिऱ्हाईक आलं, २० नेली. शिल्लक ८०. वा, चालतंय की! एक गुणिले एक, एकच. धंदा वाढला, दुसरा घाणा निघाला, तिसरं गिऱ्हाईक आलं, की आकडे फुगायला लागतात. म्हणजे जितकी विक्री जोरात, तितकं ॲप खोटं. आणि शिल्लक जास्त दिसतेय म्हटल्यावर शंका तरी कोण घेतो? उणे दाखवलं असतं तर लगेच कळलं असतं.

उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक टेबलाची बेरीज त्या-त्या टेबलात आधी करा, मग एका वस्तूमागे एकच आकडा उरतो, आणि मगच त्या आकड्यांची गाठ घाला. बस्स, एवढाच फंडा.

ॲपशीटमध्ये हे असं होतं. वस्तूंच्या टेबलात एका वस्तूची एकच ओळ आणि तिला एक कोड. बाकीच्या दोन टेबलांत वस्तूचा जो कॉलम आहे त्याचा प्रकार ‘रेफ’ ठेवायचा. मग ॲप स्वतःहून प्रत्येक वस्तूखाली ‘रिलेटेड’ ओळींची यादी तयार करतं, तयार मालाची वेगळी, विक्रीची वेगळी. वस्तूच्या टेबलात तीन व्हर्च्युअल कॉलम करायचे. पहिल्यात पहिल्या यादीतल्या नगांची बेरीज, दुसऱ्यात दुसऱ्या यादीतल्या नगांची, तिसऱ्यात पहिल्यातून दुसरा वजा. एअरटेबलमध्ये लिंक करून दोन ‘रोलअप’ आणि एक फॉर्म्युला. ग्लाइडमध्ये रिलेशन, रोलअप आणि मॅथ. नावं निराळी, रेसिपी तीच. आणि एक्सेलमध्येच राहायचं असेल तर आपलं जुनं ‘सम-इफ’ आहेच. एक सम-इफ वजा दुसरं सम-इफ. मर्जच्या वाटेला जायची गरजच नाही.

खरं तर आपल्याकडच्या पेढीवरच्या दिवाणजींना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. रोजचे व्यवहार किर्दीत आले तसे टिपायचे, मग खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर न्यायचे. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. जमेची बेरीज जमेखाली, नाव्याची नाव्याखाली आणि शिल्लक शेवटी. जमेची प्रत्येक रक्कम नाव्याच्या प्रत्येक रकमेसमोर पुन्हा पुन्हा लिहायची, हा उद्योग कुठल्या दिवाणजीने केला असता तर शेठजींनी त्याला दुपारीच घरी पाठवलं असतं.

चूक कळल्यावर बहुतेकांना जे सुचतं ते त्याहून वाईट. ‘डुप्लिकेट काढून टाक ना!’ करू नका. पन्नास, तीस, तीस आणि पंचेचाळीस अशी विक्री झाली असेल तर एक तीस डुप्लिकेट म्हणून उडतात आणि १५५ ची विक्री १२५ होते. ज्या दुसऱ्या बाईंनी तीस पाकिटं नेली त्यांनी काय पाप केलंय? ॲपशीटच्या ‘सिलेक्ट’ फॉर्म्युल्यात शेवटी ‘ट्रू’ लिहिलं की नेमकं हेच होतं, आणि दोन याद्या एकमेकींतून वजा केल्या तरी डुप्लिकेट गळतात. म्हणून याद्यांची वजाबाकी नको, बेरजांची करायची.

मर्जचा आणखी एक प्रताप. दोन्हीकडे सापडलेल्याच ओळी ठेवा असं सांगितलं असेल तर ज्या वस्तूची एकही विक्री झाली नाही ती यादीतून गायबच होते. म्हणजे कपाटात पडून राहिलेले अनारसे, ज्यांची काळजी सगळ्यात आधी करायला हवी, तेच स्क्रीनवर नाहीत!

नावावर जोडणी ही वेगळी डोकेदुखी. ‘पोहे चिवडा’, ‘पोहेचिवडा’ आणि ‘चिवडा (पोहे)’ या ॲपच्या लेखी तीन वस्तू. कोड द्या आणि विक्रीच्या फॉर्ममध्ये नाव टाइप करायला न देता यादीतून निवडायला लावा.

ॲपशीटवाल्यांनी अजून एक बघावं. शिल्लक व्हर्च्युअल कॉलमात न ठेवता शीटमधल्या खऱ्या कॉलमात फॉर्म्युला म्हणून ठेवली, तर ती ओळ कुणी एडिट करेपर्यंत जुनाच आकडा दाखवते. विक्री नोंदली जाते विक्रीच्या टेबलात, वस्तूच्या ओळीला हातही लागत नाही, त्यामुळे बेरीज पुन्हा होतच नाही. व्हर्च्युअल कॉलम प्रत्येक सिंकला नव्याने मोजला जातो. शिवाय हे ॲप ऑफलाइनही चालतं, म्हणजे प्रदर्शनात दोन स्टॉलवर दोघांनी नेटवर्कविना विक्री केली तर शेवटची पाच पाकिटं दोघांच्याही फोनवर शिल्लक दिसू शकतात. यावर कुठलाही फॉर्म्युला नाही. एकमेकांना फोन करा.

पॉवर ॲप्सचं दुखणं निराळं आहे. माल शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये ठेवला असेल तर बेरीज तिथल्या सर्व्हरवर होत नाही. ॲप ओळी स्वतःकडे आणतं आणि मग बेरीज करतं, आणि आणतं किती? मुळात ५००, सेटिंग बदललं तर फार तर २०००. त्यापुढच्या ओळी जणू नाहीतच. इशारा दिसतो तो ॲप बनवणाऱ्याला, वापरणाऱ्याला नाही. म्हणजे मे महिन्यात बरोबर असलेलं ॲप ऑक्टोबरात चुपचाप चुकायला लागतं.

राहता राहिला तो माल, जो ना बनवण्यात येतो ना विकण्यात. फुटलेलं पाकीट, परत आलेला डबा, पॅण्ट्रीत उघडलेला तो सॅम्पल बॉक्स. त्याचं चौथं टेबल करा, ‘इतर’ म्हणून. परत आलेले अधिक, गेलेले उणे. त्याचीही बेरीज वेगळी आणि मग ती शिल्लकेत मिळवायची. पहिल्या दिवशी कपाटात जे असेल ते ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून याच टेबलात पहिली ओळ होतं.

आणि दर रविवारी कपाट मोजायचं. ॲप ४० म्हणतंय आणि हाताला ३८ लागली, तर शिल्लकेचा आकडा कुठे खोडायचा नाही. ‘इतर’मध्ये एक ओळ घालायची. तारीख, वस्तू, उणे २ आणि कारण. मैत्रिणीच्या घरी या ओळी आता सासूबाई भरतात, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून. कारणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द आहे ‘जावई’.