तणाचे मोल आणि ज्ञानाची किंमत

बाजारात ज्याला कवडीचीही किंमत नाही, अशा एका वनस्पतीवर प्रगत राष्ट्रांनी गेली कित्येक दशके मुक्त हस्ताने पैसा खर्च केला, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरीच्या कुळातील, वीतभर उंचीचे, बारीक पांढऱ्या फुलांचे रोपटे. युरोपात ते पडीक जमिनीत आणि रस्त्याच्या कडेला तणासारखे उगवते. पीक म्हणून त्याची लागवड कोणीही करीत नाही. तरीही वनस्पतींच्या आनुवंशिकतेविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग या तणानेच मिळवून दिला आहे.

त्याची निवड योगायोगाने झालेली नाही. फ्रिडरिश लायबाख या जर्मन शास्त्रज्ञाने 1907 मध्ये त्याच्या गुणसूत्रांच्या अवघ्या पाच जोड्या मोजल्या आणि 1943 मध्ये आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी त्याची शिफारस केली. सुमारे सहा आठवड्यांत हे रोप बीजापासून बीजापर्यंतचा प्रवास पुरा करते आणि एकेक रोप हजारो बिया देते. त्याची आनुवंशिक संहिताही आटोपशीर आहे. गव्हाची संहिता तिच्या शंभर पटींहूनही मोठी आहे. अमेरिका, युरोप व जपान येथील प्रयोगशाळांनी एकत्र येऊन डिसेंबर 2000 मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा वनस्पतिसृष्टीत अशा तऱ्हेने वाचली गेलेली ती पहिलीच संहिता ठरली. त्या वेळी तीत 25,498 जनुकांची नोंद झाली.

या ज्ञानाचा शेतीशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. फळे पिकविणाऱ्या एथिलीन वायूची चाहूल वनस्पतीला कशी लागते, याचा उलगडा करणारे जनुक 1993 मध्ये या तणात हाती लागले. टोमॅटोची एक जात पिकतच का नाही, याचे कारण त्याच कुळातील जनुकात असल्याचे दोनच वर्षांत, 1995 मध्ये, स्पष्ट झाले. तणात लागलेला शोध असा पिकाच्या कामी येतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उभा राहतो. ज्ञान एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. आणि एकदा खुले झाले की कोणालाही त्यापासून दूर ठेवणे कठीण असते. अशा सार्वजनिक वस्तूत खाजगी भांडवल सहसा गुंतत नाही, म्हणून तो भार शासनाने उचलावयाचा असतो. या वनस्पतीविषयीच्या माहितीचे मुख्य भांडार असलेल्या ‘टेअर’ या संस्थेला 1999 पासून अमेरिकेचे नॅशनल सायन्स फाउंडेशन अर्थसाहाय्य देत होते. हे साहाय्य टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय 2009 मध्ये जाहीर झाला. त्यानंतर भांडाराने विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्याकडून वर्गणी घेण्यास प्रारंभ केला. म्हणजे जे सर्वांना खुले होते, त्याच्या दाराशी पावती आली.

या निर्णयामागे काहीच तर्क नव्हता, असे नव्हे. संशोधनाचा निधी नव्या शोधांसाठी असतो, जुन्याच्या देखभालीत तो कायमचा अडकून पडू नये. शिवाय ज्याचा लाभ सारे जग घेते, त्याचा खर्च एकाच देशाच्या करदात्याने का सोसावा, हा सवालही गैरवाजवी नाही. परंतु धरण बांधावयाचे आणि कालव्यांच्या दुरुस्तीसाठी तरतूद करावयाची नाही, याचे फळ काय मिळते हे आपल्याकडे कोणाला सांगावयास नको. नोंदी तपासणे, त्यांची संगती लावणे, त्या अद्ययावत ठेवणे ही कामे प्रसिद्धीची नव्हेत. पण ती थांबली तर कोट्यवधींच्या खर्चातून जमविलेली माहिती निरुपयोगी होते. वर्गणीमुळे भांडार टिकले हे खरे. पण वर्गणीचा भार तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला अधिक जड वाटतो, हेही तितकेच खरे.

लाभ सर्वांचा असेल, तर खर्चही ऐपतीप्रमाणे सर्व राष्ट्रांनी वाटून घ्यावा, हाच यावरील न्याय्य उपाय होय. संहिता वाचण्यासाठी राष्ट्रे एकत्र आली. ती जतन करण्यासाठी त्यांनी एकत्र येऊ नये, याला कारण नाही. तणाला बाजारात किंमत नसेल, पण त्यापासून मिळालेले ज्ञान राखण्याची किंमत मात्र कोणाला तरी मोजावीच लागते.