दिल्लीच्या मेळ्याला जायचंय? आधी घरचा हिशेब मांडा



थंडी पडू लागली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. “पुशाच्या मेळ्याला जायचे फार मनात आहे, पण खर्चाचे कसे जमवावे?” दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेला लोक अजून ‘पुसा’च म्हणतात. मूळ संस्था १९०५ साली बिहारमधल्या पुसा गावी निघाली. १९३४ च्या भूकंपाने तिथल्या इमारतीचे नुकसान झाले आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली, येताना गावाचे नाव सोबत घेऊन आली. तिचा कृषी विज्ञान मेळा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतो आणि साधारण तीन दिवस चालतो. डॉक्टर-वकिलांच्या परिषदा होतात, तशी ही आपल्या धंद्याची परिषद समजा. एकदा तरी जावे. पण उसनवारी करून जाऊ नये, आणि तशी गरजही नाही.

तिकिटाने कोणी बुडत नाही, हे आधी सांगतो. पुण्याहून दिल्ली दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, तरी स्लीपरचे एका वेळचे भाडे हजार रुपयांच्या आत बसते. थ्री-एसीला सुमारे अडीचपट पडतात. माणूस बुडतो तो उशिरा ठरवल्याने. मग तत्काळचा जादा आकार, दलालाचे कमिशन, नाही तर जनरलच्या डब्यात दाराशी बसून काढलेली रात्र. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. म्हणून मेळ्याची तारीख कळताच, त्याच आठवड्यात, जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही तिकीट काढा. तारखेसाठी आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दिवाळीनंतर अधूनमधून चौकशी करत राहा.

गावातले जुने जाणते म्हणतील, “शेतकऱ्याला रेल्वेत सवलत असते की!” होती, खोटे नाही. कृषी प्रदर्शनाला जाणाऱ्याला पाव भाडे माफ होते, राष्ट्रीय संस्थेत शिकायला जाणाऱ्याला निम्मे. पण मार्च २०२० मध्ये विद्यार्थी, दिव्यांग आणि काही ठराविक आजारांचे रुग्ण वगळून बाकी सवलती थांबल्या, ज्येष्ठ नागरिकांचीही गेली. तेव्हा त्या आशेवर खिडकीपाशी जाऊन वाद घालू नका. त्यापेक्षा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ‘आत्मा’ योजनेची चौकशी करा. तिच्यातून शेतकऱ्यांचे अभ्यास दौरे निघतात, राज्याबाहेरचेही. मात्र मेळा तोंडावर आल्यावर विचारलेत तर यादी कधीच झालेली असते.

गाडी कोणती धरावी? मिरज, सांगली, साताऱ्याकडच्यांना गोवा एक्सप्रेस सोयीची आहे, ती निजामुद्दीनला नेते. पुणे, दौंड, अहिल्यानगरकरांना झेलम. नांदेड, परभणी, जालन्याच्या मंडळींना सचखंड एक्सप्रेस. या गाडीत वाटेवर लंगरचे जेवण मिळते अशी तिची ख्याती आहे, पण म्हणून घरून शिदोरी न बांधता निघू नये. नागपूर तर दिल्लीच्या हमरस्त्यावरच पडले, तिथून गाड्यांना तोटा नाही. वेळापत्रक बघताना एवढेच बघा की गाडी दिल्लीला सकाळी पोचवते की रात्री. रात्री उतरलात तर मुक्कामाची एक जादा रात्र अंगावर पडते, आणि अनोळखी शहरात रात्री खोली शोधणारा माणूस सांगेल तो दर कबूल करतो.

तिकिटाच्या दोन खाचाखोचा लक्षात ठेवा. खिडकीवर काढलेले वेटिंगचे तिकीट पक्के झाले नाही तर ते आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी जाऊन रद्द केले तरच पैसे परत मिळतात, आणि त्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसताही येत नाही. मोबाईलवर काढलेले तिकीट वेटिंगमध्येच राहिले तर रद्द होऊन पैसे खात्यात येतात. मोबाईलवर काढणार असाल तर आपले खाते आधारशी आधीच जोडून ठेवा, ऐन वेळी मुलाला हाका मारत बसू नका.

आता घरचा हिशेब, जो कागदावर कोणीच मांडत नाही. जायला एक रात्र-दिवस, तिथे दोन दिवस, यायला तितकेच. म्हणजे पाच-सहा दिवस घर तुमच्याविना चालायचे. हरभरा काढणीला आलेला, गव्हाला शेवटचे पाणी, उसाची पाळी, शिवाय दोन वेळचे दूध. मजूर लावला तर त्याची मजुरी तिकिटापेक्षा जास्त होते. यावर उपाय जुनाच आहे. चौघांनी मिळून ठरवा, या वर्षी दोघांनी जायचे आणि दोघांनी चारही घरांची पाळी सांभाळायची. पुढच्या वर्षी उलट. गेलेल्यांनी आणलेली माहिती चौघांची.

आणि ते दोघे म्हणजे दोन पुरुषच कशाला? बियाणे निवडून, राख लावून डब्यात कोण ठेवते? गाय आजारी पडली हे सगळ्यात आधी कोणाला कळते? भाजीचा वाफा कोणाचा? मग तिथल्या शास्त्रज्ञाला नेमका प्रश्न तीच विचारील. “बाईमाणसाला एवढ्या लांब कुठे,” असे म्हणणाऱ्यांना सांगतो, पंढरीला आपल्या आया-आज्या पायी जातच होत्या. पंचेचाळीसच्या पुढच्या बाईला आणि साठीच्या पुढच्या पुरुषाला रेल्वेत खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तर मिळतो. म्हणून एका तिकिटावर सहा नावे बसत असली, तरी अशा मंडळींचे तिकीट वेगळे काढा.

मुक्कामासाठी निघण्याआधी मेळ्याच्या कार्यालयाला विचारा, शेतकऱ्यांची काही सोय आहे का. नसेल तर धर्मशाळा किंवा चौघांत एक खोली. नवी दिल्ली स्टेशनाहून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने राजीव चौकापर्यंत जायचे, तिथे निळ्या मार्गाची गाडी धरायची आणि पटेल नगर किंवा शादीपूरला उतरायचे. रिक्षावाल्याने सांगितलेल्या रकमेच्या मानाने हे फारच स्वस्त पडते. संस्थेचे आवार मोठे आहे, तेव्हा मेळ्याचे फाटक कोणते ते विचारून घ्या. जेवणाची अडचण पडलीच तर बांगला साहिब गुरुद्वारात लंगर असतो. डोके झाकून, पंक्तीत बसून जेवावे, आणि जमले तर चार भांडी घासून यावे.

मेळ्यात पहिला अर्धा दिवस नुसते फिरा, पिकांचे प्रात्यक्षिक प्लॉट बघा. विकत काही घेऊ नका. घरून माती परीक्षणाचा कागद आणि रोगट पानांचे फोटो न्या, म्हणजे विचारायला तोंड फुटते. बियाणाच्या रांगेत उभे राहण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: “हा वाण कोणत्या विभागासाठी आहे?” गव्हाचे वाण विभागवार शिफारशीने निघतात, आणि महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात येतो. एचडी २९६७ हा पंजाब-हरियाणाकडे गाजलेला वाण, पण त्याची शिफारस उत्तरेच्या मैदानांसाठी. तिकडची लांब थंडी आपल्याकडे कुठली? नाव ऐकून पोते आणले तर तिकिटाचे पैसे वाचवून वावराचे घालवल्यासारखे होईल.

आपल्या विभागाचे बियाणे मिळाले तर जरूर घ्या, पण पहिल्या वर्षी थोडेच, एका तुकड्यात पेरण्यापुरते. पावती आणि पिशवीवरचे लेबल जपून ठेवा. स्लीपरमध्ये माणशी चाळीस किलोपर्यंत सामान फुकट नेता येते, त्यात तुमची वळकटीही मोजली जाते. वळकटी मात्र न्याच. स्लीपरला पांघरूण मिळत नाही आणि फेब्रुवारीत तिकडची रात्र बोचरी असते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधलीत तर जातानाचा दिवस निभावतो. रिकाम्या झालेल्या डब्यात येताना बियाण्याची लहान पुडकी बसतात, आणि डबा उशाशी घेऊन झोपता येते.