परदेशात वरण-भाताचा हट्ट कशाला?

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. ज्या दारूकामावर इथली कित्येक घरं जगतात, त्याचा उगम चीनमध्ये. आमची ज्वारी मूळची आफ्रिकेतली; सुदानमध्ये तिचंच पीठ आंबवून ‘किसरा’ नावाची पातळ पोळी करतात. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातून आले. पूर्वजांनी परकं म्हणून हे नाकारलं असतं, तर आज आपल्या ताटात काय उरलं असतं?

आता आपली माणसं सहलीला युरोप-जपानला जातात, याचा मला आनंद आहे. पण तिथेही रोज वरण-भातच हवा, हा हट्ट मला पटत नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला आलेला पाहुणा आपल्या भाकरीला हात न लावता उठला, तर आपल्याला वाईट वाटतंच ना?

जपानी घरात शिरताना पादत्राणं काढतात. इथिओपियात एकाच ताटाभोवती बसून उजव्या हातानं ‘इंजेरा’ ही पोळी खातात. यात आपल्याला जड काय आहे? पथ्य किंवा शाकाहार असेल तर आधी सांगा, तो जरूर पाळा. पण जे चालतं, ते तिथल्या माणसांत बसून, त्यांच्या रीतीनं खा. देश तेव्हाच कळतो.