न बसलेल्या धक्क्याचे दुखणे

रात्री डोळा लागतो न लागतो तोच छातीवर लाथ बसावी तसा धक्का बसतो. रुग्ण ताडकन उठून बसतो. अंगाला घाम फुटलेला असतो, घरचे घाबरून जागे होतात. छातीत बसवलेल्या यंत्राने ऐनवेळी काम केले म्हणून जीव वाचला, अशीच सर्वांची समजूत होते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात यंत्राची तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, रात्री यंत्राने धक्का दिलेलाच नाही. हृदयाचे ठोकेही नियमित होते. या अनुभवाला वैद्यकशास्त्रात ‘फँटम शॉक’, म्हणजे आभासी धक्का म्हणतात.

हे यंत्र म्हणजे ‘आयसीडी’, शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर. पोलंडमध्ये जन्मलेले डॉक्टर मिशेल मिरोव्स्की यांच्या ध्यासातून ते साकारले. त्यांचे गुरू डॉ. हॅरी हेलर १९६६ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या जीवघेण्या बिघाडाने दगावले. अशा रुग्णाला कायम रुग्णालयात ठेवता येत नसेल, तर उपचाराचे यंत्रच त्याच्याबरोबर का देऊ नये, हा विचार मिरोव्स्की यांनी सोडला नाही. ४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे यंत्र प्रथमच माणसाच्या शरीरात बसवले गेले.

आज ते सहसा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात. शिरेतून हृदयात गेलेली तार ठोक्यांवर अखंड लक्ष ठेवते. ठोके धोकादायक वेगाने पडू लागले, तर अनेकदा यंत्र आधी सूक्ष्म विद्युत स्पंदने देऊन लय सावरते. रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागले नाही किंवा हृदय नुसतेच थरथरू लागले, तर जोराचा धक्का दिला जातो. शुद्धीवर असताना असा धक्का बसलेला माणूस तो सहसा विसरत नाही.

आभासी धक्क्याचे मूळ बहुधा याच आठवणीत आणि भीतीत असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. ज्यांना पूर्वी खरा धक्का बसला आहे, ज्यांना चिंता किंवा नैराश्य आहे, त्यांच्यात तो अधिक आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. अनेकदा तो रात्री, झोप लागताना किंवा झोपेतून जाग येताना जाणवतो. मात्र, एकही खरा धक्का न बसलेल्यांनाही तो जाणवू शकतो आणि सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. नेदरलँड्समधील एका अभ्यासात सुमारे ५ टक्के रुग्णांनी असा अनुभव नोंदवला होता.

संख्या लहान वाटली, तरी ज्याच्या वाट्याला हे येते त्याचे जगणे आक्रसते. रात्र झाली की झोपेची धास्ती वाटते. एकट्याने आंघोळीला जाणे, जिना चढणे, प्रवास करणे टाळले जाते. त्यात घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी ‘काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणून विषय संपवला, तर रुग्ण पुढच्या वेळी बोलतच नाही. खरा धोका इथे सुरू होतो.

कारण धक्का खरा की आभासी, हे रुग्णाला स्वतःला ओळखता येत नाही. शिवाय एक तिसरा प्रकारही असतो. तार खराब झाल्याने किंवा साध्या वेगवान ठोक्यांना यंत्र फसल्याने गरज नसताना खराच धक्का बसतो. या तिघांतला फरक यंत्रातील नोंदच सांगते. प्रत्येक धक्क्याची तारीख, वेळ आणि त्या क्षणाचा हृदयाचा आलेख त्यात साठवलेला असतो. म्हणून ‘मागच्या वेळी आभास होता, आताही तोच असेल’ असे घरच्या घरी ठरवणे चुकीचे आहे. एकच धक्का जाणवला आणि नंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ धक्के जाणवले किंवा छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर, शुद्ध हरपणे असे काही झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

आभासी धक्क्यावर खात्रीचे असे औषध नाही. पण उपाय नाही असे नव्हे. यंत्रातील नोंद रुग्णाला दाखवून समजावून सांगणे ही पहिली पायरी. ती नोंद रुग्णाला खोटे ठरवण्यासाठी वापरायची नसते. धक्का दिला गेला नाही हे जितके खरे, तितकेच वेदना झाली हेही खरे. भीती घट्ट बसली असेल, तर मानसोपचार, समुपदेशन आणि गरजेनुसार चिंतेवरील उपचारांची मदत घेता येते. यंत्र बसवण्याआधीच असे होऊ शकते, हे रुग्णाला आणि कुटुंबाला सांगितले, तर पहिल्या अनुभवाचा हादराही कमी होतो.

आयसीडीच्या नियमित तपासणीत बॅटरी पाहिली जाते, तार पाहिली जाते, नोंदी वाचल्या जातात. त्यासोबत ‘झोप लागते का, भीती वाटते का?’ हा प्रश्नही विचारला जायला हवा. त्याला दोन मिनिटे लागतात आणि वेगळा खर्च येत नाही. मिरोव्स्कींचे यंत्र रुग्णाला रुग्णालयाबाहेर निर्धास्त जगता यावे यासाठी होते. हृदय वाचले, पण माणूस रात्रभर जागाच राहिला, तर तो हेतू अर्धाच साधला असे म्हणावे लागेल.