त्यागाची स्तुती की श्रमाचे मोल?

शिक्षकाच्या त्यागाची स्तुती करणे समाजाला नेहमीच सोपे वाटत आले आहे. त्याच्या श्रमाचे योग्य मोल देणे मात्र तितके सोपे वाटत नाही. स्तुतीला खर्च येत नाही. म्हणूनच खेड्यातील शिक्षकाला ‘त्यागमूर्ती’ म्हणून वंदन करण्यापूर्वी, तो त्याग त्याने आपखुशीने केला की तो त्याच्यावर लादला गेला, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियाचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे.

त्या काळी ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र नव्हते; १९०१ पूर्वी तेथे ब्रिटिशांच्या सहा निरनिराळ्या वसाहती होत्या. त्यांपैकी व्हिक्टोरियाने १८७२ मध्ये कायदा करून प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे व धर्मनिरपेक्ष ठरविले. न्यू साऊथ वेल्समध्ये १८६६ च्या कायद्याने, जेथे पंचवीस मुलेही जमत नसत अशा विरळ वस्त्यांसाठी तात्पुरत्या व अर्धवेळ शाळांची सोय केली. हेतू उदात्त होता यात शंका नाही. रानावनात विखुरलेल्या शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या मुलांपर्यंत अक्षर पोहोचले, त्यात या कायद्यांचा वाटा मोठा आहे. परंतु या उदात्ततेची किंमत कोणी मोजली?

तात्पुरत्या शाळेत शिक्षकाचे वेतन व पुस्तके सरकारने द्यावयाची, आणि इमारत व बाके पालकांनी, असा नियम होता. नव्यानेच जमीन कसू लागलेले गरीब पालक देऊन देऊन काय देणार? ओबडधोबड फळ्यांच्या भिंती आणि वर झाडाच्या सालीचे छप्पर! तेथे येणाऱ्या शिक्षकाला बहुधा अध्यापनाचे शिक्षण मिळालेले नसे. राहावयास घर नसल्यास एखाद्या विद्यार्थ्याच्याच घरी त्याला आसरा घ्यावा लागे. अर्धवेळ शाळेच्या शिक्षकाच्या वाट्याला तर दोन शाळा येत. काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे, आणि मध्ये रानातील वाट! सुगीच्या दिवसांत घरच्या कामाला मुलांचे हात हवे असत, आणि मग वर्ग ओस पडे.

याहूनही कठोर होती ती व्हिक्टोरियातील ‘निकालानुसार वेतना’ची पद्धत. १८६२ च्या कायद्यापासून तेथील शिक्षकाच्या वेतनाचा काही भाग परीक्षेच्या निकालावर अवलंबून राहू लागला. निरीक्षक येई, प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन व गणित तपासी, आणि त्यावरून शिक्षकाची मिळकत ठरे. जे मूल गुरे राखण्यासाठी आठवडाभर घरी राहिले, ते नापास झाले तर भुर्दंड शिक्षकाला! साहजिकच ज्ञानापेक्षा घोकंपट्टीला महत्त्व आले. ही पद्धत आपल्यालाही परकी नाही. मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही तीच लावण्यात आली होती.

यावर कोणी म्हणेल की, अशा हलाखीतूनच रत्ने निपजतात. प्रसिद्ध लेखक हेन्री लॉसन हा १८७६ मध्ये उघडलेल्या युरंडेरी येथील अशाच साल-फळ्यांच्या शाळेत शिकला, हे खरे आहे. ती शाळा व्हावी म्हणून त्याची आई लुईझा हिने खटपट केली होती. परंतु लॉसन मोठा झाला तो त्या छपरामुळे नव्हे, तर ते छप्पर असूनही. एका रत्नाकडे बोट दाखवून शंभर मुलांची हेळसांड झाकता येत नाही.

आणि शिक्षकाची निष्ठा सर्व काही साधू शकते, हाही भ्रमच होय. १८८३ मध्ये न्यू साऊथ वेल्समधील यास या गावी गोऱ्या पालकांच्या आग्रहावरून आदिवासी मुलांना सरकारी शाळेतून दूर करण्यात आले, आणि शिक्षणमंत्र्यांनी त्यास मान्यता दिली. जे दार शासन व समाज मिळून बंद करतात, ते एकटा शिक्षक कोठवर उघडे ठेवणार?

आमच्या मते यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. जो समाज शिक्षण सक्तीचे करतो, त्याने त्या सक्तीचा भार एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर टाकता कामा नये. त्याला पुरेसे वेतन, राहावयास घर व शिकविण्याची साधने देणे हा उपकार नव्हे, ते समाजाचे कर्तव्य आहे. त्याचे काम एका दिवसाच्या परीक्षेने मोजणे हा न्याय नव्हे. आपल्याही वाड्यावस्त्यांवर एकेका शिक्षकाने चालविलेल्या शाळा आहेत. त्या शिक्षकांना आम्ही वंदन अवश्य करावे. परंतु वंदनासाठी जोडलेले हात त्यांचा भार उचलण्यासाठीही पुढे आले पाहिजेत. त्यावाचून ती स्तुती म्हणजे ऋण बुडविण्याचा एक सभ्य मार्गच ठरेल.